ऋतू कुणाचे, छापखाना कुणाचा?

मराठी समीक्षेने दलित कादंबरीसाठी काही विषय मुक्रर करून ठेवले आहेत. भूक, मारझोड, बलात्कार, बहिष्कार हे ते विषय. यांविषयी आम्ही लिहिले की अभिरुचीसंपन्न वाचक हळहळतो, पुरस्कारही देतो. पण याच कादंबरीत पाऊस आला, झाड आले, पक्षी ओरडला, की त्याच्या कपाळाला आठी पडते. निसर्ग हा जणू वाङ्मयातील वतनदारीचा भाग आहे, आणि आम्ही तेथे विनापरवाना शिरलो आहोत.

हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. माझी कादंबरी बालाघाटच्या डोंगराळ मुलखातील एका भूमिहीन, ऊसतोड कुटुंबाची आहे. रोहिणी नक्षत्रात ती सुरू होते आणि पुढच्या रोहिणीत संपते. एका प्रकाशकाने हस्तलिखित परत करताना सांगितले की मारहाणीची प्रकरणे परिणामकारक आहेत, परंतु नक्षत्रे, झाडेझुडपे, पाऊसपाणी ही पाने काढावीत. वाचकाची तुमच्याकडून ती अपेक्षा नाही. मी पाने काढली नाहीत आणि कादंबरी स्वखर्चाने छापली. तिची तरफदारी करण्यासाठी हा लेख नाही. ती बरी की वाईट हे वाचक ठरवतील. मला विचार करावयाचा आहे तो त्या अपेक्षेचा. ऋतूंकडे पाहण्याचा अधिकार कुणाचा, आणि हे पाहणे छापण्याचे साधन कुणाच्या हाती, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत असे माझे म्हणणे आहे.

प्रथम ऋतू पाहणारा माणूस कोठे उभा असतो ते पाहू. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त सहा सर्ग आहेत, सहा ऋतूंचे. ग्रीष्मापासून वसंतापर्यंत प्रत्येक ऋतू प्रियेला उद्देशून सांगितला आहे. उन्हाळ्यात चंदन आणि हिवाळ्यात ऊब मिळण्याची व्यवस्था असलेल्या माणसांचे ते ऋतू आहेत. त्या चंदनाचे खोड कुणी तोडले, हा प्रश्न त्या काव्यात उद्भवत नाही. आधुनिक मराठीत दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. महिन्यामहिन्याने निसर्ग पाहण्याची शिस्त मराठी गद्याला या पुस्तकाने लावली. फूल केव्हा येते, पान केव्हा गळते, रंग कसा पालटतो, हे नेमकेपणाने टिपण्याचा वस्तुपाठ तेथे आहे, आणि त्याचे ऋण नाकारण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु तो पाहणाऱ्याचा निसर्ग आहे. पाहणारा झाडापाशी थांबतो, पाहतो आणि पुढे जातो. झाडाशी त्याचा व्यवहार नाही.

ग्रामीण कादंबरीने हे अंतर कमी केले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) पाऊस न पडणे ही कथेची अखेर आहे. वाडीच ओस पडते. पण तेथेही सांगणारा शाळामास्तर आहे. तो वाडीत राहतो, वाडीवर माया करतो, आणि दुष्काळ आला तरी त्याची नोकरी त्याच्याबरोबर असते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ने (२००२) शेतकऱ्याच्या घराला बारा महिने लागलेली घरघर दाखविली. तेथे पाऊस म्हणजे कर्ज आणि पीक म्हणजे बाजारभाव. हे मोलाचे काम आहे. मात्र ते सातबाऱ्यावर नाव असलेल्यांचे दुःख आहे. ज्यांचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नाही त्यांचा मृग कसा असतो, हे त्या कादंबरीने सांगावे अशी अपेक्षा करणेही योग्य नव्हे. ते आपण सांगितले पाहिजे.

आमचा निसर्गाशी संबंध वहिवाटीचा आहे. माळावर पिवळ्या फुलांनी डवरलेला तरवड फिरायला निघालेल्याला सुंदर दिसतो. कातडी कमावणाऱ्या ढोराच्या घरात तो सालीसाठी ओळखला जातो. बाभळीची साल, हिरडा आणि तरवड यांवर त्याचा धंदा चालत आला. केकताड बांधावर उभे असते, कुंपण म्हणून. मांगाच्या दृष्टीने त्यात दोरखंड असतो. ते कापावे, कुजवावे, झोडावे, तेव्हा वाख निघतो. ओढ्याकाठच्या शिंदीत केरसुणी असते. गावची शिव दाखविणे हे महाराचे काम, म्हणून शिवेवरचा लिंब आणि ओढ्याचे वळण त्याला तोंडपाठ. भांडण पेटले की त्या लिंबाची साक्ष तोच देणार. झाडाची जात आम्ही पाहिली नाही, पण आमच्या जातीला झाड नेमून दिले होते. ही माहिती वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाइतकी नेमकी आहे आणि तिच्यात शोषणाचा संपूर्ण नकाशा आहे. तिला 'निसर्गवर्णन' म्हणणे म्हणजे बलुत्याला 'दानधर्म' म्हणण्यासारखे आहे.

ऋतूंचेही तसेच. मेघदूताच्या आषाढाने मराठी कवितेवर फार दिवस राज्य केले. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्येही आषाढ आहे, पण तो विरहाचा नाही. घरे सारवण्याचा, न्हाण्याधुण्याचा, देवीच्या देण्याचा, वर्षात एकदा चार बरे घास मिळण्याचा तो महिना आहे. त्या पानांत आनंद आहे, आणि त्या आनंदाला बांधलेली अंधश्रद्धेची साखळीही आहे. बेबीताई दोन्ही दाखवितात. एकाच महिन्याचे हे दोन आषाढ शेजारीशेजारी ठेवले की मराठी ऋतुवर्णनाचा वर्गाधार आणि जात्याधार उघडा पडतो. यासाठी वेगळ्या सिद्धान्ताची गरज नाही.

माझ्या कादंबरीतील कुटुंबाला सहा ऋतू नाहीत, दोन आहेत. एक गावातला आणि एक फडातला. दसरा-दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो. माणसे मोजण्याचे हे माप आहे, आणि त्यात दोन माणसांचे एक अवजार होते. कारखान्याच्या परिसरात कोप्या पडतात. भल्या पहाटे, थंडीने आणि दवाने ओल्या उसात शिरायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. फडातल्या बाईला हेमंत ऋतू कसा वाटतो, ते तिच्या तळहातांवर उसाच्या पाचटाने ओढलेल्या रेघांवरून कळते. उन्हाळ्याच्या तोंडाशी हंगाम संपतो आणि माणसे गावी परततात, तेव्हा गावात पाणी नसते.

कादंबरीची मुद्रिते हातात आली तेव्हा मी ती वस्तीत वाचून दाखविली. रोहिणी सरता सरता पावशा ओरडू लागतो, लोक त्याचे ओरडणे 'पेरते व्हा' असे ऐकतात, हा मजकूर चालू असताना एक वयस्क बाई म्हणाल्या, "मास्तर, ज्याला रान हाय त्याला तो पेरते व्हा म्हनतो. आमच्या दारात तवा मुकादम येतो उचल घिऊन. ते बी लिवा." ते वाक्य मी जसेच्या तसे कादंबरीत घेतले. पेरणीच्या दिवसांत हातात पैसा नसतो, म्हणून पुढच्या हंगामाची उचल पावसाळ्यातच घेतली जाते, आणि कार्तिकातला घाम ज्येष्ठ-आषाढातच विकला जातो. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला जे समजावून सांगायला एक व्याख्यान लागेल, ते त्या बाईने एका पक्ष्याच्या ओरडण्यात सांगितले. प्रकाशकाचे ऐकून नक्षत्रांची पाने काढली असती तर कर्जाची ही घडणच कादंबरीतून गेली असती.

येथे आपल्याच चळवळीतील काही मित्रांचा आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ते म्हणतात, निसर्ग म्हणजे पलायन. विद्रोही लेखकाने फुलापाखरांत रमू नये. या आक्षेपामागची चीड मला समजते. पण तो मान्य केला तर प्रस्थापितांनी आखलेली रेषाच आपण आपल्या हाताने गिरवतो. २० मार्च १९२७ रोजी, उन्हाळ्याच्या तोंडावर, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. ज्याला पशुपक्षी तोंड लावत होते त्या पाण्यावरचा माणसाचा हक्क त्या दिवशी सांगितला गेला. निसर्गावरील हक्काचा याहून मोठा प्रसंग आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात मला दिसत नाही. भूमिहीनांचे १९५९ आणि १९६४ चे सत्याग्रहही जमिनीसाठी होते, म्हणजे ऋतूत हिस्सा मागण्यासाठीच होते.

आणि परंपरेचाच दाखला हवा असेल तर तो थेरगाथेत आहे. डोंगर, पाऊस, मोर, गर्जणारे मेघ यांत रमलेल्या भिक्षूंच्या गाथा तेथे आहेत, आणि त्याच संग्रहात वाळलेली फुले झाडून टाकणाऱ्या, नीच कुळातील म्हणून हिणवलेल्या सुनीताची गाथाही आहे. भारतीय वाङ्मयात निसर्ग आणि झाडूवाला एकाच ग्रंथात सन्मानाने बसलेले आहेत. ही आपली मिरास आहे. अण्णाभाऊ साठे यांनी ती वेगळ्या मार्गाने चालविली. 'फकिरा'तील (१९५९) वारणेचा मुलूख हा पडदा नव्हे. दुष्काळ पडतो म्हणून धान्य लुटले जाते, आणि डोंगर आहे म्हणून बंडखोर लपू शकतो. त्या कादंबरीतून डोंगर आणि दुष्काळ काढले तर बंडही जाते. पलायनाचा आरोप अण्णाभाऊंवर कोण करील?

आता छापखान्याकडे येऊ. स्वतःचे पुस्तक स्वतः छापणे याला सुशिक्षितांत हौस समजतात. आपल्याकडे ती गरज होती. जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न' हे १८५५ सालचे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने स्वीकारले नाही, आणि ते छापील रूपात येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) हा शेती, पाणी, जंगल आणि जनावरे यांचा एवढा बारकाईने विचार करणारा ग्रंथ. 'दीनबंधू'त त्याची सुरुवातीची प्रकरणे आली आणि छपाई थांबली. संपूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. म्हणजे विरोधकाचाच नव्हे, मित्राचा छापखानाही नको तेथे थांबतो.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या अध्यक्षीय भाषणातील काही भागाला हरकत घेतली. त्यांनी मजकूर बदलण्यास नकार दिला, अधिवेशन रद्द झाले, आणि बाबासाहेबांनी भाषण स्वतः प्रसिद्ध केले. इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्याच बाबासाहेबांना आयुष्याच्या अखेरीस, सप्टेंबर १९५६ मध्ये, पंडित नेहरूंना पत्र लिहावे लागले की बुद्धावरील ग्रंथाच्या छपाईस सुमारे २०,००० रुपये लागतील, ते आपल्या ऐपतीबाहेर आहे, तेव्हा सरकारने ५०० प्रती घ्याव्यात. अडीच हजारावी बुद्धजयंती साजरी करणाऱ्या सरकारच्या प्रमुखाने उत्तर दिले की प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे. ग्रंथ १९५७ साली आला, पण तो पाहण्यास बाबासाहेब नव्हते. स्वखर्चाने छापण्याला हलके लेखणाऱ्यांनी एवढा इतिहास ध्यानात ठेवावा.

अमेरिकेतील हेन्री डेव्हिड थोरोचे उदाहरणही येथे उपयोगी आहे, कारण ऋतुनिरीक्षण आणि पदरचा खर्च या दोन्ही गोष्टी त्याच्यात एकत्र येतात. त्याचे पहिले पुस्तक १८४९ साली त्याच्याच जबाबदारीवर १००० प्रतींत निघाले, आणि १८५३ साली न खपलेल्या ७०६ प्रती त्याच्या घरी परत आल्या. पुढच्या वर्षी 'वॉल्डन' आले. तळ्याकाठची दोन वर्षांहून अधिक मुदत त्याने त्यात एका ऋतुचक्रात बसविली. ते तळे आणि रान पाहण्यासाठी त्याला मित्र इमर्सनची जमीन मिळाली होती, हे खरे. पण तो प्रामाणिक होता. घराला आलेला खर्च, घेवड्याच्या पिकाचा जमाखर्च त्याने पुस्तकात दिला. आणि त्या रानाच्या कडेला पूर्वी राहून गेलेल्या मुक्त गुलामांची नावेही नोंदविली. गावाबाहेर, कुणालाच नको असलेल्या जागी त्यांची घरे होती. आपल्या वाचकाला हा भूगोल समजावून सांगण्याची गरज नाही. निसर्गलेखनात हिशेब आणि हाकललेली माणसे आली की ते लेखन बदलते, एवढे त्यावरून घ्यावे.

कादंबरी छापताना मला आणखी एक गोष्ट कळली. छापखान्यालाही ऋतू असतात. उन्हाळ्यात लग्नपत्रिका, जूनच्या आधी वह्या व मार्गदर्शके, श्रावणात उत्सवांची पावतीपुस्तके, मग दिवाळी अंक, मग दिनदर्शिका. पदरमोड करणाऱ्या लेखकाला सापडते ती आषाढातली फट. तेव्हा हवेत ओल असते, कागदाला लाटा येतात, शाई लवकर वाळत नाही. माझे १५ फर्मे, म्हणजे २४० पाने, अशा दिवसांत छापली गेली.

वितरणाचा ऋतू तर याहून महत्त्वाचा. आपल्या वाचकाचे स्वतःचे वर्ष आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. त्या तीन महिन्यांत विहारांतून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचला जातो. पावसात उगवती रोपे आणि किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून भिक्षू एका जागी राहत, त्या नियमातून आलेला हा वाचनाचा ऋतू. मग अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, आणि १४ एप्रिलला गावोगावची जयंती. या ठिकाणी जेवढे ग्रंथ विकले जातात तेवढे पाहून कोणत्याही साहित्यसंमेलनाने हेवा करावा. मीही नागपूरला आणि दादरला प्रती घेऊन गेलो. पण माझी कादंबरी ज्यांची आहे ती माणसे दसऱ्याला निघण्याच्या तयारीत असतात आणि ६ डिसेंबरला फडात असतात. शिक्षक, विद्यार्थी, कारकून यांनी पुस्तक घेतले, त्याचा आनंद आहे. तरी ऊसतोड्याच्या घरात ते पोचवायचे तर चैत्रात, जयंतीच्या मांडवात पोचवावे लागते. तेव्हा माणसे गावात असतात आणि फेड झाल्यावर उरलेले थोडे पैसे हातात असतात. म्हणून मी निम्म्या प्रती चैत्रापर्यंत राखून ठेवल्या. कोणता व्यापारी प्रकाशक आपला माल असा कोयत्याच्या वेळापत्रकाने अडकवून ठेवील? स्वतः छापण्याचे मोल मला येथे दिसते. पुस्तक कोणत्या ऋतूत आणि कुणाच्या दारात जावे, हे त्यामुळे आपण ठरवू शकतो.

पण याचे भाबडे कौतुकही नको. आज संगणकीय जुळणी आणि डिजिटल छपाईमुळे शंभर प्रतीही काढता येतात. पैसे भरले की पुस्तक तयार, अशी दुकाने शहरोशहरी निघाली आहेत. त्यांना मजकुराशी देणेघेणे नाही. संपादन नाही, मुद्रितशोधन नाही, आणि लेखकाच्या पदरात गठ्ठे टाकून ती मोकळी होतात. प्रस्थापित प्रकाशकाची कात्री नको म्हणून आपण संपादकच नाकारला तर नुकसान आपलेच आहे. यावर उपाय सामूहिक आहे. १९७४ साली सुरू झालेल्या ग्रंथालीने वाचकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन पुस्तके काढली. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) त्याच वाटेने आले. तालुक्यातालुक्यांत पाच-दहा जणांनी हस्तलिखिते वाचावीत, ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांना ती ऐकवावीत, निर्दयपणे दुरुस्त करावीत, आणि मग वर्गणी काढून छापावीत. एकट्याच्या खिशातून निघालेले पुस्तक एकटेच राहते.

हे काम निकडीचे आहे, कारण ऋतूच बिघडू लागले आहेत. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट झाली. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. गारपिटीची भरपाई सातबारा पाहून मिळते. ज्याची मजुरी गारांखाली गेली त्याचा पंचनामा कोणता तलाठी करतो? टिटवीने अंडी उंचावर घातली की सखल जागी, यावरून पावसाचा अंदाज बांधणाऱ्या पिढीचे अंदाज आज चुकत आहेत, आणि या चुकण्याची किंमत सर्वांत आधी तीच पिढी मोजते आहे. हवामानाचे शास्त्रज्ञ तापमान नोंदवतील. तापलेल्या पत्र्याखाली बाळंतीण कशी राहिली, टँकरच्या रांगेत कुणाची घागर मागे सारली गेली, हे नोंदविणारे कादंबरीकार लागतील, आणि ते वस्तीतूनच आले पाहिजेत.

शिक्षक मित्रांनी आपल्या विद्यार्थ्यांना 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध जरूर द्यावा. मात्र त्यात त्या दिवसाची मजुरी किती बुडाली तेही लिहावयास सांगावे. त्या वहीची पाने फाडून टाका असे कुणी म्हणेल तेव्हा ती छापण्याची तयारी आपली असली पाहिजे.